दिसले ते सारे खरे का?



गेल्या वंदनेनंतर एका तरुणाने विचारले, "सगळे मनाचेच खेळ असतील, तर जग खरे कशावरून?" त्याचे उत्तर शोधताना बर्लिनचे प्रकाशक फ्रिडरिश निकोलाई आठवले.

निकोलाई बुद्धिवादी म्हणून प्रसिद्ध होते. १७९१ साली, दुःखांनी मन खचलेले असताना, एका सकाळी त्यांना एक मृत व्यक्ती समोर उभी दिसली. त्यांनी पत्नीला विचारले. तिला काहीच दिसत नव्हते. तिने डॉक्टरांना बोलावले. पुढे कित्येक आठवडे आकृत्या येत राहिल्या, बोलूही लागल्या. निकोलाईंनी त्यांना भुते मानले नाही. खरे माणूस कोणते आणि भास कोणता, हे ते शांतपणे तपासत राहिले, उपचार घेतले. भास ओसरले. १७९९ मध्ये त्यांनी हा अनुभव बर्लिनच्या विज्ञान अकादमीत वाचून दाखवला.

मधुपिण्डिक सुत्तात महाकच्चान सांगतात: डोळा, रूप आणि विज्ञान एकत्र आले की स्पर्श होतो, त्यातून वेदना, मग संज्ञा, मग विचारांचा पसारा. पाहण्यात मनाचा वाटा असतोच, म्हणून चूकही होते.

पण तेवढ्यावरून जग मिथ्या ठरत नाही. मी इंजिनिअर. एका सेन्सरने चुकीचा आकडा दिला तर आम्ही तो दुसऱ्या सेन्सरशी ताडून पाहतो. यंत्रच नाही असे म्हणत नाही. निकोलाईंनीही पत्नीला विचारले. कालाम सुत्त स्वतः जाणायला सांगते, तसेच सुज्ञांचे मतही विचारात घ्यायला सांगते. संघ लागतो तो यासाठीही.

जगाला माया म्हटले की अन्यायही माया ठरतो. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी खरे होते आणि ते पिण्याची बंदीही खरी होती. बाबासाहेबांनी दिलेला धम्म दुःख मान्य करूनच सुरू होतो.

म्हणून एक विनंती. इथल्या एकटेपणात आपल्यापैकी कुणाला आवाज ऐकू येऊ लागले, कुणी दिसू लागले, तर त्याला 'बाहेरची बाधा' म्हणू नका, 'नाटक करतोस' असेही म्हणू नका. त्याला दिसते ते तिथे नसेल, पण त्याचे दुःख आहे. जवळ बसा, ऐकून घ्या आणि हाउसआर्ट्‌स्टकडे सोबत जा. जिवाला धोका वाटला तर ११२ वर फोन करा. यात लपवण्यासारखे काही नाही.

भवतु सब्ब मंगलं!