देणाऱ्याचा हात

सत्ता हिसकावून घेणारा चटकन ओळखू येतो. देता देता ती मिळवणारा ओळखू येत नाही. इ. स. पूर्व ४४ मध्ये जूलियस सीझरचा खून झाला, तेव्हा त्याचा दत्तक वारस ऑक्टेव्हियन अवघा १८ वर्षांचा होता. सीझरने मृत्युपत्रात प्रत्येक रोमन नागरिकाला ३०० नाणी ठेवली होती. अँटनीने पैसा अडवून धरला, तेव्हा या पोराने स्वतःची मालमत्ता विकून लोकांचे देणे फेडले. पुढच्याच वर्षी त्याच अँटनीशी हातमिळवणी करून त्याने शेकडो विरोधकांचा वध करवला. वृद्ध सिसेरोही त्यात गेला. मग इ. स. पूर्व ३१ मध्ये अँटनीलाही हरवून त्याने यादवी मिटवली, धान्य वाटले. चार वर्षांनी सारे अधिकार सेनेटला परत केल्याचे जाहीर करून ‘ऑगस्टस’ ही पदवी स्वीकारली. राजा म्हणवून घेणे त्याने कटाक्षाने टाळले. सैन्य मात्र मुठीत ठेवले.

मग दोष लोकांचा का? यादवीने पोळलेल्या माणसाने भाकरी आणि शांतता मागावी, हा काही अपराध नव्हे. पण उपकाराखाली दबलेला माणूस हिशेब विचारीत नाही. धान्य जरूर घ्यावे; मात्र ते देणाऱ्या हातावर सिसेरोचे रक्त आहे, हे विसरण्याचा अधिकार घेणाऱ्यालाही नाही.