हुद्द्यावरचा विश्वास

‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ गुन्हेगारीच्या बातम्यांत हे वाक्य इतकं नेहमीचं झालं आहे, की वाचणाऱ्याचे डोळे त्यावर अडत नाहीत. खाक्या म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. गंमत अशी, की ज्या कबुलीचा एवढा गाजावाजा होतो, तिला न्यायालयात पुरावा म्हणून किंमत नसते. पोलिसाला दिलेली कबुली आरोपीवर शाबीत करता येत नाही, हा नियम इंग्रजांनी इथे आणला. खुद्द इंग्लंडात असा सरसकट नियम नव्हता. आपणच नेमलेल्या पोलिसाचा शब्द धरायचा नाही, असं सरकारने स्वतःच्या कायद्यात लिहून ठेवावं, ही वेळ का आली?

त्याची सुरुवात मद्रास इलाख्यात झाली. शेतसारा वसूल करण्यासाठी सरकारी नोकर रयतेचे हाल करतात, असा आरोप १८५४ साली ब्रिटिश पार्लमेंटात झाला. तेव्हा मद्रास सरकारने एलियट, स्टोक्स आणि नॉर्टन या तिघांचा चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल एप्रिल १८५५ मध्ये आला. आयोगापुढे जवळजवळ दोन हजार तक्रारी आल्या होत्या. त्यांत ‘किट्टी’ नावाचं एक साधन पुन्हा पुन्हा भेटतं. एका टोकाला बांधलेले दोन लाकडी दांडे, एवढंच ते. मध्ये बोटं घालायची आणि मोकळी टोकं आवळत जायचं. घडवायला खर्च नाही, शिकायला वेळ नाही. ‘अनुंदाल’ला तर दोरीचा तुकडा पुरे होई : माणसाला कंबरेत वाकवून मान पायाशी जखडायची, पाठीवर दगड ठेवायचा आणि उन्हात उभं करायचं. हे चोरालाही होई आणि सारा थकवलेल्या कुणब्यालाही, कारण वसुली आणि पोलीस ही दोन्ही कामं एकाच तहसीलदाराकडे होती.

छळ होतो, हे आयोगाने लपवलं नाही. एवढ्यासाठी तरी त्या तिघांना मान द्यायला हवा. पण दोष त्यांनी हाताखालच्या देशी नोकरांवर टाकला. गोऱ्या अधिकाऱ्यांबद्दल लोकांची तक्रार नाही, असा निर्वाळा दिला. छळ करून वसूल झालेला पैसा कुणाच्या खजिन्यात जात होता, या प्रश्नाची धग त्या निर्वाळ्याने कमी झाली. कार्ल मार्क्सने १८५७ मध्ये ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’मध्ये लिहिताना नेमकं यावर बोट ठेवलं : कबुली तर दिली, पण सरकारला झाकून दिली. खालचा माणूस वाईट आणि वरचा विश्वासाचा, ही समजूत इथून पुढे प्रत्येक चौकशीत दिसते.

१८५७ च्या धामधुमीनंतर १८६० मध्ये पोलीस आयोग बसला आणि १८६१ चा पोलीस कायदा आला. आयर्लंडच्या धर्तीवर नेपियरने सिंधमध्ये उभं केलेलं दल हा त्यामागचा नमुना. त्याच वर्षीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम शिरलं : पोलिसाला दिलेली कबुली पुरावा म्हणून चालणार नाही. हिशेब सरळ होता. कबुली कुचकामी ठरली तर ती काढण्यासाठी कुणी हात उगारणार नाही. उपाय स्वस्तही होता. पगार वाढवायला नको, प्रशिक्षण द्यायला नको, वरून लक्ष ठेवायला नको. पोलीस सुधारण्याऐवजी त्याच्यावर अविश्वास ठेवून काम भागवलं. स्वातंत्र्याच्या तत्त्वाशी या कलमाचा जन्मतः फारसा संबंध नाही, हे मान्य करायला जड जातं. पण तसं आहे खरं.

१८७२ च्या पुरावा कायद्यात त्याचा मसुदा करणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने तेच कलम २५ व्या क्रमांकावर ठेवलं. पोलीस मारहाणीकडे का वळतात, याबद्दल त्याने पुढे एका अनुभवी अधिकाऱ्याचं म्हणणं नोंदवून ठेवलं आहे : उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत मिरची चोळणं सोपं पडतं. क्रौर्यापेक्षा आळस हे कारण मला अधिक पटतं. आजही पटतं.

मात्र कलम २७ ने एक फट ठेवली. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या सांगण्याचा तेवढाच भाग ग्राह्य. आपल्याकडे पोलीस ठाण्यात दोन पंच बसवून ‘निवेदन पंचनामा’ लिहितात, तो याच कलमापासून चालत आलेला. ‘घराच्या छपरात सुरा लपवला आहे, तो काढून देतो’ हे चालतं. ‘त्याच सुऱ्याने भोसकलं’ हे वगळावं लागतं. प्रिव्ही कौन्सिलने १९४६ मध्ये पुलुकुरी कोट्टया खटल्यात ही रेघ आखून दिली. वाक्याचे असे दोन तुकडे करणं कागदावर शोभतं. सुरा दाखवण्याआधी त्या माणसाचं काय झालं, हे मात्र पंचनाम्यात येत नाही.

या साऱ्या प्रवासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो १८७६ चा कलकत्ता हायकोर्टाचा निकाल. हरिबोल चंद्र घोष याने कबुली दिली होती ती कुणा हवालदाराला नव्हे, तर कलकत्त्याच्या डेप्युटी पोलीस कमिशनरला. हे लॅम्बर्टसाहेब मॅजिस्ट्रेटही होते. एवढ्या वरच्या अधिकाऱ्याला हा नियम कसा लागू होईल, असा प्रश्न होता. सरन्यायाधीश गार्थ यांनी निकाल दिला, की पोलीस अधिकारी म्हणजे पोलीस अधिकारी, हुद्दा कोणताही असो. वीस वर्षांपूर्वी मद्रासमध्ये जो भेद गृहीत धरला होता, तो इथे न्यायालयाने नाकारला.

सरकारच्या डोक्यातून तो गेला नव्हता. व्हाइसरॉय कर्झनने १९०२ मध्ये नेमलेल्या पोलीस आयोगाचे अध्यक्ष होते मध्य प्रांताचे, म्हणजे नागपूरचे, चीफ कमिशनर अँड्र्यू फ्रेझर. पोलीस अकार्यक्षम आहेत, भ्रष्ट आणि जुलमी समजले जातात, लोकांचा त्यांच्यावर विश्वास नाही, असं त्यांचा अहवाल स्वच्छ सांगतो. सरकारने तो जवळपास दोन वर्षं दाबून १९०५ मध्ये प्रसिद्ध केला. शिपायाला दरमहा निदान ८ रुपये, फौजदारांसाठी प्रशिक्षणशाळा, प्रत्येक प्रांतात गुन्हे अन्वेषण विभाग अशा शिफारशी त्यात होत्या आणि त्या चांगल्याच होत्या. पण हिंदी माणसासाठी डेप्युटी सुपरिंटेंडेंट हे नवं पद काढलं आणि त्याच्या डोक्यावरचा सुपरिंटेंडेंट विलायतेतून भरती होत राहिला. विश्वास पुन्हा वरच्या पायरीवर.

आता १९८७ मध्ये या. ‘टाडा’ या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम १५ ने पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य ठरवली. टाडा १९९५ मध्ये संपला. मग १९९९ मध्ये महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारीविरोधी ‘मोक्का’ कायदा केला आणि कलम १८ मध्ये तीच तरतूद आणली. मुंबईतल्या टोळ्यांपुढे साक्षीदार तोंड उघडत नव्हते, ही अडचण खोटी नव्हती. कबुलीनंतर आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याची अटही कायद्यात आहे. पण अधीक्षकाचा शब्द शिपायाच्या शब्दापेक्षा भरवशाचा का, याला हुद्द्याखेरीज उत्तर नाही. कबुली नोंदवून घेणारा अधीक्षक असला, तरी त्याआधी आरोपी ज्यांच्या ताब्यात असतो ते खालचेच असतात. फौजदारी न्यायव्यवस्थेतल्या सुधारणांसाठी नेमलेल्या मलिमथ समितीने तर २००३ मध्ये हा अपवाद सर्वसाधारण कायद्यातच आणण्याची शिफारस केली होती.

ती मानली गेली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात जुनं कलम २५ आता कलम २३ चं पोटकलम (१) म्हणून जसंच्या तसं आहे. वसाहतीच्या खुणा पुसण्याची भाषा करत आलेल्या कायद्यानेही १८६१ चा तो अविश्वास कायम ठेवला, आणि ते योग्यच झालं. मोक्काचं कलम १८ मात्र महाराष्ट्रात अजून लागू आहे. गार्थ यांनी दीडशे वर्षांपूर्वी नाकारलेला भेद आपल्या विधिमंडळाने कायद्यात घातला. तो काढण्याचा अधिकारही विधिमंडळाकडेच आहे आणि त्याने तो वापरावा.