नकळत

एसटी स्टँडच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर, रिक्षाच्या पाठीमागे ती जाहिरात तुम्ही कधीतरी पाहिलेली असणार. दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत. खाली मोबाइल नंबर. दारू सोडवायचं आश्वासन काय, पुष्कळजण देतात. गिऱ्हाईक थबकतं ते ‘नकळत’ या शब्दापाशी.

कारण घरातल्या बाईला नेमकं तेच हवं असतं. त्याच्यापुढे विषय काढायला नको, शिव्या खायला नकोत, ‘पुरुषमाणूस आहे, चालायचंच’ हे सासूचं बोलणं ऐकायला नको. आमटीत पूड टाकली की झालं. आमच्या नात्यातल्या एका मावशींनी हे केलं होतं. पोळपाटावर कागदाची घडी, घडीत गोळी आणि वरून लाटणं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्याच वेळी कुकर लावलेला असायचा. काकांची वाटी वेगळी ठेवलेली, काठाला पोचा आलेली, म्हणजे चुकून दुसऱ्याच्या ताटात जायला नको. महिन्याभराने एका रात्री काका पिऊन आले ते लालबुंद तोंडाने. छाती धडधडतेय, ओकाऱ्या थांबेनात. दवाखान्यात डॉक्टर ‘काय खाल्लंय यांनी?’ असं विचारत राहिले, तेव्हा कुठे मावशी रडत रडत बोलल्या. काका वाचले. दारू सुटली नाही. सुटलं ते घरचं जेवण. पुढे कितीतरी दिवस ते नाक्यावरच्या खानावळीत जेवायचे.

गोळी खोटी नव्हती. डायसल्फिराम तिचं नाव. दारूवर तिचा उपयोग होतो हे डेन्मार्कच्या हाल्ड आणि याकोबसेन या दोघांनी १९४८ साली जगापुढे मांडलं. दारू पचताना शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य तयार होतं आणि लगेच पुढे त्याचा निकालही लागतो. ही गोळी तो निकाल लागू देत नाही. विष साचतं, माणूस तळमळतो, रक्तदाब कोसळला तर जिवावर बेततं. पण दारूची ओढ ती गोळी कमी करत नाही. मग डॉक्टर ती देतात कशाला? तर घेणाऱ्याला ठाऊक असतं म्हणून. सकाळी दात घासून, बायकोच्या देखत त्याने ती गिळली की त्या दिवसाचा निकाल सकाळीच लागला. संध्याकाळी गुत्त्यावरून जाताना पुन्हा स्वतःशी भांडण नको. औषधाचं निम्मं काम हे ठाऊक असणंच करतं, आणि मावशींनी नेमकं तेवढंच वगळलं होतं.

पिणाऱ्याचंही स्वतःचं एक ‘नकळत’ असतं. मनात आणलं तर उद्या सोडीन, कुणाला कळायचंही नाही! पुरावा म्हणून तो श्रावण दाखवतो. श्रावण अख्खा पाळतो, मग व्यसनी कसा? गटारीला किती झाली आणि श्रावण संपायचे दिवस तो कसे मोजत होता, हे मात्र त्यात येत नाही. त्यातूनही कुणी खरोखरच गुपचूप सोडायला जातो आणि ते फार धोक्याचं असतं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकाएकी थांबवलं तर काही तासांत हात थरथरू लागतात, दिवसा-दोन दिवसांत फिट येऊ शकते, तिसऱ्या दिवसाच्या आसपास भास सुरू होतात. वेळेवर औषध मिळालं नाही तर माणूस दगावतोही. म्हणजे दारू सोडायची तरी कुणाला तरी सांगूनच सोडावी लागते.

सांगणारे किती? केंद्र सरकारने एम्सकडून करवून घेतलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्यांपैकी ३८ जणांत एकालाच काहीतरी उपचार मिळाल्याचं आढळलं.

आपल्याकडे माळ घालून दारू सोडलेली माणसं गावोगाव आहेत. मला त्यात तुळशीइतकंच महत्त्वाचं वाटतं ते हे, की माळ गळ्यात दिसते. माळकरी झाल्याचं गावाला कळतं आणि पिणाऱ्यांचं टोळकं मागे पडून दुसरी संगत मिळते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेची जन्मकथाही याच्याच जवळ जाते. १९३५च्या मे महिन्यात बिल नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल अमेरिकेतल्याच अ‍ॅक्रन गावी एका हॉटेलात एकटा होता. दारू सोडून काही महिने झालेले, धंद्याचं काम फसलेलं आणि समोर बार. तो फोनकडे वळला. आपल्याशी बोलायला कुणी पिणारा माणूस मिळेल का, म्हणून त्याने चर्चना फोन लावले. त्यातून भेटला बॉब नावाचा पेताड सर्जन. बॉबचा शेवटचा घोट १० जून १९३५चा, आणि तोच त्या संघटनेचा स्थापना दिवस मानतात. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथेही पूर्वी रुग्ण म्हणून आलेले कितीतरी जण पुढे समुपदेशक झाले. समोरचा आपल्यातलाच आहे म्हटल्यावर लपवायचं कुणापासून?

मावशींना त्या वेळी हे सांगणारं कुणी भेटलं नाही. मदत मागायला पहिल्यांदा पिणाऱ्यानेच जायला हवं असं नाही. बायकोने जावं, भावाने जावं, मुलीने जावं. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या बैठका असतात, त्यांना स्वतःच्या जिवासाठी जावं. आणि उद्यापासून त्याच्या ऑफिसला ‘त्यांना ताप आहे’ असा खोटा फोन करणं थांबवावं.

दारू आणि इतर नशा सोडवण्यासाठी केंद्र सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे, तिला पैसे पडत नाहीत. फोन कराच. फक्त तो ठेवल्यावर, त्याची धुंदी उतरलेली असेल अशा एखाद्या सकाळी, चहा पुढे करताना त्याला सांगा : मी काल फोन केला होता, तुमच्यासाठी.