सोसण्याचा अधिकार

सोसणे हा आपल्या वऱ्हाडात मोठा सद्गुण मानला जातो. वैशाखाचे ऊन सोसावे, कपाशीचा पडलेला भाव सोसावा आणि दुखणे आले तर तेही मुकाट्याने सोसावे, हीच शिकवण आपणांस लहानपणापासून मिळते. या गुणाचे मोल मी कमी लेखीत नाही. परंतु अमरावती-अकोल्याकडील कर्करोगाचे रोगी पाहिले म्हणजे सोसण्यालाही काही नीती असली पाहिजे, असे वाटू लागते.

फुप्फुसातील कर्काची गाठ शस्त्रक्रियेने काढल्यावरही पुष्कळदा केमोथेरपी देतात. गाठ गेली, रोगी हिंडूफिरू लागला; मग हे विष कशासाठी? विष हा शब्द येथे केवळ अलंकार नव्हे. या उपचाराचा आरंभच मुळी युद्धातील विषारी वायूशी नाते सांगणाऱ्या द्रव्याने झाला. १९४२ साली अमेरिकेतील येल येथे ते प्रथम रोग्यास दिले गेले. फुप्फुसाच्या रोगात जे सिस्प्लाटिन देतात, ते प्लॅटिनम धातूचे संयुग होय. डोळ्यांआड उरलेल्या रोगपेशी ते मारते. परंतु त्याबरोबर वांत्या, मूत्रपिंडास इजा, कानांत सतत नाद, हातापायांची बधिरता आणि रक्तातील पांढऱ्या पेशींचा ऱ्हास हेही येऊ शकतात.

आणि लाभ किती? पाच चाचण्यांतील ४,५८४ रोग्यांचा एकत्र हिशेब २००८ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण या उपचाराने शेकडा सुमारे ५ ने वाढते, असे त्यात दिसले. रोगाच्या अगदी प्रारंभीच्या अवस्थेत तर लाभ आढळलाच नाही. म्हणजे शंभरांनी सोसावे तेव्हा पाचजण अधिक जगावे, आणि ते पाच कोण हे कोणासही कधी कळू नये!

अनिश्चित लाभासाठी असे दुःख पत्करावयाचे, तर तो निर्णय कोणाचा? आपल्या घरांत मुलगा डॉक्टरांस बाजूला घेऊन सांगतो, "बाबांना काही बोलू नका." यात प्रेम आहे, हे कोण नाकारील? तथापि स्वतः स्वीकारलेले दुःख हे व्रत, आणि न सांगता लादलेले दुःख ही शिक्षा. व्रताचा संकल्प दुसऱ्याने सोडून भागत नाही. सर्व हिशेब समजून घेऊन जो "नको" म्हणतो, तो भित्रा नव्हे. आणि जो "हो" म्हणतो, त्याचेच सोसणे खरे.

परंतु संकल्प झाल्यावरही मौन हे पुण्य ठरत नाही. दादरच्या गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत उतरून उपचार घेणारा रोगी रात्रीच्या गाडीने अकोल्यास परततो. रुग्णालय आता सुमारे ५८० किलोमीटर दूर राहिले. औषधानंतरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पांढऱ्या पेशी सर्वांत कमी झालेल्या असतात. अशा वेळी मध्यरात्री अंग तापते आणि म्हातारा मनाशी म्हणतो, "पोरांची झोप कशाला मोडा? सकाळी पाहू." ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला असता ती सकाळ फार उशिराची ठरू शकते. इतरांस त्रास नको म्हणून बाळगलेले मौन इतरांसच जन्माचे दुःख देऊन जाते.

म्हणून सोसण्याची शिकवण देताना आपण तिला आणखी एक जोड द्यावी. काय सोसावयाचे ते रोग्यास कळू द्यावे, आणि सोसवेनासे झाले की हाक मारण्यात त्यास लाज वाटू नये. ती हाक ऐकण्यासाठी जागे राहणे, हा घराचा धर्म आहे.