पांढरा की तांबडा?

मराठी गावगाड्यात वस्तीच्या जागेस पांढरी आणि पिकाच्या जमिनीस काळी म्हणण्याचा प्रघात आहे. आष्टी तालुक्यातील कडा घ्या किंवा आसपासचे कोणतेही गाव घ्या. दिवसभर काळीत राबलेला मनुष्य सायंकाळी पांढरीत परततो. तेथील एखाद्या घरात माजघरास चुन्याचा पांढरा द्यावा की कावेचा गडद तांबडा, असा वाद पडला, तर तो क्षुल्लक म्हणून सोडून द्यावा काय?

आवडीनिवडीत न्यायान्याय नसतो, असे आपण सहज म्हणतो. स्वतःच्या पागोट्यापुरते ते ठीक. भिंत मात्र सर्वांची असते. ताजा चुना अंगावर पडलेल्या प्रकाशाचा बहुतेक भाग परत देतो. गडद तांबडा त्यातील बराचसा गिळतो. शिवाय साठीच्या मनुष्याच्या नेत्रपटलावर विशीतील तरुणाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. तेव्हा ज्या रंगात नातवास शोभा दिसते, तोच रंग आजीचा डाळ निवडण्यापुरता उजेड हिरावून घेऊ शकतो. येथे आवडीचा प्रश्न संपतो आणि न्यायाचा सुरू होतो.

म्हणून पांढराच श्रेष्ठ, असेही नव्हे. मोतीबिंदूच्या डोळ्यास खिडकीसमोरील शुभ्र भिंतीची तिरीप सोसत नाही. सबब, कोणता रंग चांगला, हे विचारण्याआधी या खोलीतून उठून जाणे कोणास सर्वांत कठीण आहे, हे विचारावे. आणि पहिला शब्द त्याचा असावा.

मग तडजोड म्हणून दोन्ही रंग एकत्र कालवावेत काय? तसे केल्यास फिकट गुलाबी उरेल. त्यात चुन्याचा पुरता उजेड नाही आणि कावेची ऊबही नाही. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1839 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले की, भिन्न रंग शेजारी ठेवले असता त्यांतील भेद अधिक उठून दिसतो. आपल्याकडे खाली कावेचा पट्टा आणि वर चुना देणाऱ्यांनी हे अनुभवाने ओळखले असावे. वरचा चुना उजेड देतो. खालचा पट्टा पाठीचे व हातांचे डाग झाकतो आणि मंद दृष्टीच्या माणसास भिंतीचा ठाव दाखवितो.

एका घरात नांदणाऱ्या भिन्न स्वभावांचेही असेच आहे. त्यांना एकमेकांत कालवून फिके करणे म्हणजे ऐक्य नव्हे. प्रत्येकास त्याच्या गुणाची जागा देणे, आणि जागा वाटताना दुबळ्याचे आधी ऐकणे, यालाच घर म्हणावे.