आपण जिंकलो, ते हरले?

आमच्या लोधीपुऱ्यात काय किंवा मुंबईत काय, सामना संपल्यावर लोकांची भाषा ऐकावी. भारत जिंकला की "आपण जिंकलो". हरला की "ते हरले". २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकात भारताने लागोपाठ १० सामने जिंकले, तोवर सारे 'आपण' होते. १९ नोव्हेंबरला अहमदाबादेत ऑस्ट्रेलियाने अंतिम सामना ६ गडी राखून जिंकला, आणि कित्येकांच्या तोंडी संघ 'त्यांचा' झाला.

१३ मार्च १९९६ रोजी तर याहून वाईट घडले. कोलकात्याच्या ईडन गार्डनवर श्रीलंकेविरुद्धच्या उपांत्य सामन्यात भारताचे १२० धावांत ८ गडी बाद होताच प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या. सामना श्रीलंकेला बहाल झाला. नाबाद राहिलेले मुंबईचे विनोद कांबळी रडत मैदानाबाहेर आले.

आगी लावणारेही स्वतःला चाहतेच म्हणवीत होते. आपण एक धावही न काढता विजयावर हक्क सांगतो, तो कोणत्या नात्याने? नाते खरे असेल, तर पराभवाचा वाटाही त्याच नात्याने आपल्याकडे येतो. मुलगा नापास झाला म्हणून बाप त्याला परका म्हणत नाही. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी पुढच्या पराभवानंतर मुलांना एवढेच म्हणावयास शिकवावे : "आज आपण हरलो, ते चांगले खेळले."