होत नाही की करत नाही?

जानेवारीच्या पहाटे कशेळ्यात जुना डिझेल ट्रॅक्टर चालू होत नसला, की त्याच्याविषयी जे बोललं जातं ते छापण्यासारखं नसतं. त्यातल्या त्यात सौम्य शब्द म्हणजे 'माजलाय'. आता कशेळ्याची थंडी काही काश्मीरची नव्हे; भीमाशंकरच्या डोंगरावरून उतरते आणि ऊन आलं की निघून जाते. आमच्यासारखा बँकेतला कारकून स्वेटर चढवून मोकळा होतो. ट्रॅक्टरला ती सोय नाही.

मी कॉमर्सचा, तरी एवढं कळतं, की डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. रुडॉल्फ डिझेलसाहेबांनी १८९७ साली चालवून दाखवलेली युक्ती अशी, की हवा इतकी दाबायची, इतकी दाबायची, की ती तापावी आणि डिझेल आपोआप पेटावं. गारठ्यात लोखंडाच्या भिंतीच ती ऊब पिऊन टाकतात. त्यात ऑइल काकवीसारखं घट्ट, बॅटरी मलूल आणि झिजलेल्या रिंगांतून हवा निसटते ती वेगळीच. माज कुठला? अंगात ऊबच नाही!

तिथल्या एका काकांना हे पुरतं ठाऊक आहे. ट्रॅक्टर रात्री उतारावर, चाकाला धोंडा. सकाळी रिकाम्या रेडिएटरमध्ये चुलीवरचं कोमट पाणी (उकळतं नव्हे, तडा जातो), मग हीटरची किल्ली अर्धा मिनिट धरायची.

"काका, शिव्या नाही देत?"

"त्याला कुठं ऐकू येतं, साहेब? मला येतं!"

आमच्या बँकांतही हाच प्रश्न फायलीत असतो. रिझर्व्ह बँकेने १९९९पासून 'विलफुल डिफॉल्टर', म्हणजे ऐपत असून थकवणारा, असा वर्गच केलाय. तो २५ लाखांपासून पुढच्यांसाठी. म्हणजे बड्या माणसाबाबत देत नाही की देववत नाही, याची रीतसर चौकशी. समिती, नोटीस, त्याचं म्हणणं. पंचवीस हजारवाल्याला एवढं कोण विचारतो? तो सरळ माजलेला! खरोखर माजलेलेही असतात म्हणा. पण ते सहसा नोटीस यायच्या आधी वकील घेऊन येतात.

गेल्या जानेवारीत असाच एक थकबाकीदार आला. त्याला बाकावर बसवून चहा दिला. अर्धा कप होईपर्यंत गप्प. मग कापलेलं भात परतीच्या पावसात कसं भिजलं, ते हळूहळू बाहेर येऊ लागलं.

मॅनेजरसाहेबांनी केबिनमधून मान काढली. "वसुली किती?"

"साहेब, अजून हीटरवर धरलाय!"